वहीत डोकावू नका: किशोरवयीन मुलांना रोजच्या बायबल वाचनाची सवय लावताना

नव्या वर्षाच्या उपासनेनंतर आमच्या मंडळीत एक तक्ता वाटतात, वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायचा. मोठ्यांसाठी चांगला आहे. नववी-दहावीतल्या मुलाच्या हातात मात्र तो ठेवू नका. का, ते हिशेबानेच सांगते, कारण माझी नोकरी पतसंस्थेत हिशेब लिहायचीच आहे. आपल्या प्रोटेस्टंट बायबलात 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय. ते 365 दिवसांत बसवायचे तर रोज तीन-चार अध्याय वाचावे लागतात. या वेगाने उत्पत्ती हे पहिलं पुस्तक झपाट्यात संपतं, दुसऱ्या पुस्तकातला, निर्गमातला, तांबडा समुद्रही ओलांडून होतो. मग निर्गमाच्या पंचविसाव्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे देवाच्या उपासनेच्या तंबूची, मापं सुरू होतात: किती हात लांब, किती हात रुंद, पडद्यांना किती बिरडी. जानेवारी संपता संपता पोरगं लेवीयाच्या, म्हणजे यज्ञांच्या नियमांनी भरलेल्या तिसऱ्या पुस्तकाच्या, दारात उभं राहतं आणि तिथेच बसकण मारतं. तक्ता कपाटाच्या दाराला चिकटलेला राहतो. मुलाच्या मनात मात्र पक्कं बसतं की बायबल आपल्याला झेपणारं नाही.

मी नगरची. कागदोपत्री आता अहिल्यानगर. रविवारी दुपारी नववी ते बारावीच्या मुलामुलींचा गट घेते. ती मला मावशी म्हणतात. धर्मशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. या मुलांना रोज स्वतःचं स्वतः वाचायला लागायला काय उपयोगी पडतं, एवढं बघत आले आहे. पुढचं लिहिलंय ते आईवडिलांसाठी, आणि माझ्यासारखे गट घेणाऱ्यांसाठी.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. वेळ, जागा आणि घरातली शांतता राखणं हे मोठ्यांचं काम. वाचणं, आणि वाचून मनात काय आलं ते ठरवणं, हे मुलाचं. ही वाटणी मोडली की सवय मोडते. ‘वाचलंस का? काय वाचलंस? दाखव वही,’ असं रोज विचारणाऱ्या घरात मूल फार तर हजेरी लावायला शिकतं.

वेळ कोणती

‘पहाटे उठून वाच’ हा सल्ला आपल्याकडे फार पवित्र मानला जातो. मार्क 1:35 मध्ये (मार्काने लिहिलेलं येशूचं चरित्र, म्हणजे शुभवर्तमान; पहिला अध्याय, पस्तिसावं वचन) प्रभू येशू अगदी पहाटे उठून एकांतात प्रार्थनेला गेला, हे खरं. पण त्याच शुभवर्तमानात तो संध्याकाळी लोकसमुदायाला निरोप देऊन डोंगरावर प्रार्थनेला गेल्याचंही लिहिलंय, सहाव्या अध्यायात. रात्री क्लासहून नऊला घरी येणाऱ्या, जेवून अभ्यासाला बसणाऱ्या अकरावीच्या मुलाला पहाटे पाचला उठवलंत तर प्रेषितांची कृत्ये 20 मधल्या युतुखाची गत होईल. प्रेषित पौलाचं भाषण लांबलं आणि हा तरुण तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसल्या बसल्या झोपून खाली पडला. (मुलांना ही गोष्ट भारी आवडते. बायबलात उपदेशाच्या वेळी झोपलेल्या पोराची नोंद आहे म्हटल्यावर त्यांचा पवित्र शास्त्रावरचा विश्वास एकदम वाढतो.)

वेळ मुलाने निवडावी. तुम्ही फक्त एक अट घाला: ती रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला बांधलेली असावी. शाळेतून आल्यावर चहा झाला की. आंघोळ करून डबा भरेपर्यंत. रात्री फोन चार्जिंगला लावला की. ‘संध्याकाळी सात वाजता’ अशी घड्याळाची वेळ टिकत नाही, कारण क्लासची वेळ बदलते, पाहुणे येतात, लाईट जाते. चहा मात्र रोज होतो. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. पहिल्या महिन्यात दहाच ठेवा. अजून वाचावंसं वाटत असताना उठलेलं मूल दुसऱ्या दिवशी परत बसतं.

मुलींबद्दल वेगळं सांगायलाच हवं. आमच्या गटातल्या मुलांची वेळ टिकते आणि मुलींची मोडते, असं दिसतं तेव्हा त्यात भक्तीचा काही संबंध नसतो. मुलगा वाचायला बसला की घर म्हणतं, ‘त्याला उठवू नका.’ मुलगी बसली की म्हणतं, ‘तेवढी कणीक मळून घे आणि मग बस.’ ही पंधरा मिनिटं मुलीला द्यायची असतील तर त्या वेळातलं एखादं काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी, शक्यतो भावाने, उचलावं लागेल. एवढं झालं तर मुलींच्या बाबतीतली निम्मी अडचण तिथेच सुटते.

जागा

स्वतंत्र खोली आमच्याकडच्या बहुतेक मुलांना नसते. एका खोलीत आजी, टीव्ही आणि धाकटा भाऊ. म्हणून मी घरच्यांना एवढंच म्हणते: त्या पंधरा मिनिटांत टीव्ही बंद. मग उन्हाळ्यात गच्ची, पावसाळ्यात स्वयंपाकघराचा कोपरा, काहीही चालतं. टीव्ही बंद झाल्यावर बाकीची मंडळीही काहीतरी वाचू लागली तर उत्तमच. बापाने स्वतः बायबल उघडलेलं मुलाला महिन्यातून चार वेळा दिसलं, तरी त्याचा उपयोग वर्षभराच्या उपदेशाहून जास्त होतो.

बायबल कागदी असावं आणि मुलाचं स्वतःचं असावं. घरातलं मोठं, लग्नात मिळालेलं, रुमालात गुंडाळलेलं बायबल पेन्सिलीने खुणा करायला कोणी देणार नाही. संडे स्कूलच्या बक्षिसात मिळालेली प्रत बहुतेकांकडे असतेच; ती काढा. पेन्सिलच द्या, पेन नको, पातळ कागदावर शाई मागे उमटते. फोनवरचं बायबल प्रवासात चांगलं, मराठीत ऐकायचीही सोय आहे. पण यूव्हर्जनसारख्या अ‍ॅपमध्ये सलग किती दिवस उघडलं त्याची मोजदाद दिसते, आणि मुलं तो आकडा राखण्यासाठी झोपेत एक वचन उघडून मिटतात. शिवाय त्याच फोनवर वरून इन्स्टाचे निरोप टपकत असतात. दहा मिनिटांसाठी फोन दुसऱ्या खोलीत गेला तर कोणाचं काही अडत नाही.

भाषेचा वाद घरात वाढवू नका. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठी बायबल वाचताना अडखळायला होतं आणि आजीला त्याचं वाईट वाटतं. ज्या भाषेत मुलाला चटकन कळतं त्या भाषेत त्याने एकट्याने वाचावं. कौटुंबिक प्रार्थनेत मोठ्याने मराठी वाचावं. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबलचं भाषांतर साध्या मराठीत करण्यात घालवली, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, कारण केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या साध्या बायकांना वाचून कळावं ही त्यांची तळमळ होती. 1922 मध्ये त्या वारल्या, आणि ते बायबल पुढे मुक्तीच्याच छापखान्यात छापलं गेलं. कळण्यासाठी एवढा खटाटोप झालेल्या प्रांतात आपण पोराला न कळणाऱ्या भाषेतच वाचायला लावावं, हे मला पटत नाही. मराठीच पण सोपं हवं असेल तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ टिपांसकट आहे. वसईकडच्या कॅथलिक मुलांना ते जवळचं वाटेल. त्यांच्याकडे रोजच्या मिस्साची (उपासनेची) वाचनंही ठरलेली असतात, तेव्हा वेगळा तक्ता शोधायची गरजच नाही.

सुरुवात मार्कापासून

मार्कच का? सगळ्यांत लहान शुभवर्तमान, 16 अध्याय, आणि प्रसंगामागून प्रसंग धावत येतात. वंशावळ नाही, पाळण्यातला येशू नाही. पहिल्याच अध्यायात बाप्तिस्मा, अरण्य, कोळी आणि भुताने पछाडलेला माणूस. पंधरा वर्षांच्या मुलाला हा वेग मानवतो.

रोज एक अध्याय असं ठरवू नका. एक प्रसंग, असं ठरवा. बायबल सोसायटीच्या मराठी बायबलात प्रसंगांना मथळे दिलेले आहेत. एका मथळ्यापासून पुढच्या मथळ्यापर्यंत. अध्यायांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत हे मुलांना सांगितलं की त्यांचा जीव हलका होतो. अध्याय तेराव्या शतकात पडले, आणि नव्या कराराला आजचे वचनांचे आकडे रॉबेर एस्तियेन या मुद्रकाने 1551 मध्ये दिले. कधी कधी ही काट चुकीच्या जागी बसते. मार्क 9:1 हे वचन खरं तर आठव्या अध्यायाच्या शेवटी चाललेल्या बोलण्याचाच भाग आहे. तेव्हा ‘आज अर्धाच अध्याय झाला’ म्हणून कोणी अपराधी वाटून घ्यायला नको. या चालीने मार्क संपायला दोन-अडीच महिने लागतात. लागू देत.

वहीत काय लिहायचं

शंभर पानी साधी वही. तारीख आणि वाचलेला भाग. त्याखाली तीन गोष्टी: काय घडलं, ते आपल्या शब्दांत दोन-तीन ओळी. काय अडलं किंवा टोचलं. आणि आजच्या दिवसासाठी देवाला एक वाक्य. बस. रंगीत पेन, स्टिकर ज्यांना आवडतात त्यांनी वापरावेत, पण पहिल्या आठवड्यात सजवलेली वही तिसऱ्या आठवड्यात रिकामी राहते, असा माझा अनुभव आहे.

‘काय घडलं’ ही पायरी मुलं गाळू बघतात, कारण गोष्ट आधीच माहीत असते. संडे स्कूलला आलेल्या मुलांची हीच पंचाईत असते, सगळं ऐकलेलं असतं आणि वाचलेलं काहीच नसतं. म्हणून गटात मी पहिल्या रविवारी मार्क 2:1-12 सगळ्यांबरोबर हळूहळू वाचते. कफर्णहूमातलं घर, दारापर्यंत गर्दी, चौघांनी उचलून आणलेला पक्षाघाती. आत शिरता येईना म्हणून ते वर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज खाली सोडतात. शहरातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर इथे स्लॅब येतो आणि गोष्ट खोटी वाटू लागते. तेव्हा मी शेवगाव-पाथर्डीकडच्या पोरांना बोलायला लावते. त्यांच्या गावात अजून जुनी माळवदाची घरं आहेत: वाशांवर फळ्या किंवा काटक्या, वर मातीचा जाड थर, सपाट, चढायला बाहेरून वाट. त्या काळातल्या गालीलातली घरंही साधारण अशीच होती. माळवद उकरलं तर काय होईल? पोरं लगेच सांगतात: खाली बसलेल्या सगळ्यांच्या डोक्यात माती पडेल. म्हणजे येशूच्याही. शास्त्री, म्हणजे नियमशास्त्राचे जाणकार, बसले होते त्यांच्याही. कोणीतरी हमखास ओरडलं असणार, आणि घरमालक तर नक्कीच.

मग प्रश्न सुटतात. ‘मावशी, छप्पर नंतर कोणी बांधून दिलं?’ ‘त्या माणसाने स्वतः काहीच का म्हटलं नाही?’ ‘तो चालायला आलेला, येशू आधी पापांचं का बोलतो?’ आणि एखादी मुलगी बारकाईने बघून सांगते की पाचव्या वचनात येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असं आहे, म्हणजे आणणाऱ्यांचाही. त्या क्षणी मी गप्प बसते. शिकवण्याचा मोह फार होतो, तीन मुद्द्यांचा छोटा उपदेश जिभेवर तयार असतो. पण तिने जे स्वतः शोधलं ते तिच्याजवळ राहू द्यायचं. अशी वही एकदा गटात सगळ्यांनी मिळून भरली की घरी एकट्याने कशी भरायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

‘काय अडलं’ हा रकाना सगळ्यांत मोलाचा. मार्क प्रामाणिकपणे वाचणारं मूल अडणारच. येशूच्या घरच्यांना त्याचं भान सुटलंय असं का वाटलं (3:21)? सुमारे दोन हजार डुकरं समुद्रात बुडाली, ज्यांची होती त्यांचं काय (5:13)? सोर प्रांतातल्या त्या आईशी तो आधी इतकं कडक का बोलला (7:27)? अंजिरांचा हंगाम नसताना झाडाला शाप का (11:13)? असे प्रश्न ऐकून घाबरू नका आणि तिथल्या तिथे कसंबसं उत्तरही देऊ नका. वहीच्या शेवटच्या पानावर प्रश्न उतरवून ठेवायला सांगा. महिन्यातून एका रविवारी आम्ही पाळकसाहेबांना गटात बसवतो. प्रत्येकाने एक प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, नाव घालायचं नाही. पाळकसाहेब कधी कधी ‘हे मला बघून सांगावं लागेल’ म्हणतात, आणि पुढच्या महिन्यात खरंच सांगतात. मुलांचा त्यांच्यावरचा भरवसा त्यानेच वाढलाय.

आणि वही. ती तुमची नाही. पोरगी कॉलेजला गेल्यावर गादीखालची वही काढून वाचणारी आई मला माहीत आहे, आणि त्यानंतर ती वही कधी लिहिली गेली नाही हेही माहीत आहे. त्यात मैत्रिणीशी झालेलं भांडण असतं, आवडलेला मुलगा असतो, तुमच्यावरचा राग असतो. मूल हे देवापुढे मांडतंय, म्हणजे तुम्हाला जे हवं होतं तेच घडतंय. फक्त एक अपवाद: मूल जगण्यालाच कंटाळल्यासारखं बोलू किंवा वागू लागलं तर रोजचं वाचन आणि वही यांच्या भरवशावर राहू नका. त्याच्याशी सरळ बोला, डॉक्टरांकडे न्या.

वचनाची काठी करू नका. इफिसकरांस 6:1, मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावं, हे प्रत्येक ख्रिस्ती घरात तोंडपाठ असतं. 6:4 पर्यंत फार कमी घरं पोहोचतात. तिथे बापांना सांगितलंय की मुलांना चिडीला आणू नका. ज्या पुस्तकातून रोज आपल्यावरच शेरे मारले जातात ते पुस्तक कोण आवडीने उघडेल?

प्रार्थनेचं थोडक्यात. वाचून झाल्यावर दोन मिनिटं, साध्या बोलण्यात. मंडळीत उभं राहून करतात तशी लांब पल्ल्याची प्रार्थना एकट्याने करायची नसते. शब्द सुचत नसतील तर स्तोत्र उसनं घ्यावं. तेरावं स्तोत्र सहाच वचनांचं आहे आणि ‘किती वेळ, परमेश्वरा?’ या तक्रारीनेच उघडतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. असं काही बायबलात आहे हे कळल्यावर मुलं मोकळी होतात. गाणारं मूल असेल तर ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतांच्या पुस्तकातलं एखादं कडवं म्हणूनच सुरुवात करावी, ना. वा. टिळकांची पदं त्यासाठी सोयीची, तोंडात पटकन बसतात.

पाठांतराला माझा विरोध नाही, पण सुटी सुवर्णवचनं गोळा करण्यापेक्षा एक अख्खा भाग पाठ करावा. स्तोत्र 121 आठ वचनांचं आहे. आठवड्याला दोन धरली तरी महिन्यात होतं.

खंड पडला तर

पडणारच. सहामाही, आजारपण, नाताळची धावपळ (आमच्या गटात डिसेंबरमध्ये, येशूजन्माच्या नाटकाच्या तालमींमुळे, येशूबद्दल सगळ्यांत कमी वाचलं जातं). नियम एकच: राहिलेलं भरून काढायचं नाही. जिथे थांबलो होतो तिथून आजचा प्रसंग. चार दिवसांची थकबाकी एका रात्रीत फेडायला बसलेलं मूल पाचव्या दिवशी कर्जबुडव्यासारखं तोंड लपवतं. बायबलला व्याज लागत नाही, असं मी त्यांना सांगते. दहावी-बारावीच्या परीक्षेच्या महिन्यात एक स्तोत्र आणि दिवा बंद, एवढंच ठेवा.

जोडीदार असला तर खंड लवकर भरतो. गटात मी दोघादोघांच्या जोड्या लावते, मुलगा-मुलगा, मुलगी-मुलगी, आणि दोघं एकच भाग वाचतात. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘झालं’ असं पाठवायचं नाही. ‘झालं’ हे खोटंही असू शकतं. जे अडलं ते एक वाक्य पाठवायचं. ‘आज डुकरांवर अडलोय’ हे न वाचता लिहिता येत नाही.

आणि जे मूल सरळ ‘मला नाही वाचायचं’ म्हणतं? सक्ती करू नका. कौटुंबिक प्रार्थनेला बसणं हा घराचा नियम असू शकतो, एकांतातलं वाचन नियमाने होत नाही. त्याचं बायबल त्याच्या टेबलावर राहू द्या आणि तुमचं तुम्ही वाचत राहा.

मार्क संपल्यावर पुढे काय, तर मी मुलांना निवडायला लावते. योसेफाची गोष्ट, उत्पत्ती 37 ते 50. ती सुरू होते तेव्हा तो सतरा वर्षांचा असतो आणि भावंडांचं राजकारण सगळ्यांना ओळखीचं वाटतं. रूथ आणि योना, प्रत्येकी चारच अध्याय. योना तर देवाच्या प्रश्नावर संपतो, उत्तर दिलेलंच नाही. दावीद, 1 शमुवेल 16 पासून. वाद घालायला आवडणाऱ्यांना याकोबाचं पत्र. मग लूक आणि त्याला जोडून प्रेषितांची कृत्ये, दोन्ही एकाच लेखकाची. लेवीयाकडेही जातोच आम्ही, पण इब्री लोकांस पत्र वाचताना, महायाजक म्हणजे कोण हे बघायला. तेव्हा तीच मापं आणि तेच यज्ञ मुलं स्वतःहून उलगडत बसतात.

बारावीनंतर मुलं पुण्याला हॉस्टेलवर जातात, तिथे घरातला चहा नसतो आणि टीव्ही बंद करणारं कोणी नसतं. जायच्या आधी उन्हाळ्यातच नवी वेळ कशाला बांधायची ते ठरवून घ्या. मेसमधून आल्यावर ही बऱ्याच जणांना जमते, कारण खोलीतले सोबती तेव्हा फोनवर असतात. सोबती दुसऱ्या धर्माचे असतील तर पहिल्याच आठवड्यात ‘मी रात्री दहा मिनिटं वाचतो’ असं साधं सांगून टाकावं, लपवाछपवी महिनाभर लांबली की अवघड होतं. कानात घालून ऐकता येईल असं मराठी बायबल फोनवर उतरवून द्या. जवळच्या मंडळीचा पत्ता आणि उपासनेची वेळ आधी विचारून ठेवा. आणि फोनवर पहिला प्रश्न जेवणाचा विचारा.